चौदा नंबरची निगेटिव्ह

मी, गोपीचंद नामदेवराव माळवदे, वय सदुसष्ट वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार वालूर, तालुका सेलू, जिल्हा परभणी, आज माझ्या दुकानातल्या कापायच्या टेबलावर बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. वकिलांनी मला एक नमुना दिला आहे. त्यात 'कोणाच्याही दडपणाला, आमिषाला अथवा भीतीला बळी न पडता' असे छापलेले आहे. दडपण माझ्यावर कोणाचे नाही. आमिष दाखवावे असा मी माणूसही नाही. भीती मात्र आहे आणि ती भरपूर आहे, म्हणून तेवढा शब्द मी गाळतो. बाकी अक्कल शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. त्यात डोके ठीक आणि हृदय बिघडलेले असे लिहिले आहे.

येत्या मंगळवारी, अठरा तारखेला, संभाजीनगरच्या दवाखान्यात माझी छाती उघडणार आहेत. डॉक्टर म्हणाले, शंभरातले सत्त्याण्णव जण आपल्या पायांनी घरी जातात. मी विचारले, उरलेले तिघे कोण होते? ते हसले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले. तेव्हापासून मला ते तिघेच दिसतात. रात्रीचे जेवण जात नाही. कपडा बेतताना खडू हातातून सुटतो. कमलबाई म्हणते, "मरायच्या आधीच मरायलाव तुमी." तिचे बरोबर आहे, पण बरोबर असल्याने भीती कमी होत नाही.

१. वालूर येथील माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, पुढचे दुकान, मागची न्हाणी आणि अंगण, हे सगळे माझ्यामागे माझी पत्नी कमलबाई हिचे. आम्हाला मूलबाळ नाही. माझा धाकटा भाऊ बन्सीधर येऊन मोठ्याने रडेल, त्याला चहा द्यावा. उत्तरेची भिंत बांधताना त्याने माझी हातभर जागा गिळली, हे मी आजवर तोंडावर बोललो नाही. ती जागा मी त्याला बक्षीस देतो. म्हणजे ती त्याने लाटली असे राहणार नाही आणि लाटल्याचा आनंदही त्याला उरणार नाही.

२. पोस्टातली ठेव कमलबाईची. तिने ती जेवणावळीत घालू नये. आधी दात बसवून घ्यावेत. भाकरी दुधात कुस्करून खाताना मी तिला रोज पाहतो आणि रोज पुढच्या महिन्यावर ढकलतो.

३. शिलाई मशीन, इस्त्री, पट्टी आणि मापाची टेप शेजारच्या झुंबरबाईला द्यावी. ती साड्यांना फॉल लावते आणि टाका बारीक घालते. मोठी कात्रीही तिलाच, पण एका अटीवर. तिने त्या कात्रीने कागद कापायचा नाही. तिचा नातू पतंगाचे कागद घेऊन आला तरी नाही.

४. माझे दोन कॅमेरे. एक जुना रशियन, रोल घालायचा, आणि दुसरा डिजिटल, परभणीहून सेकंडहँड घेतलेला. दोन्ही, तिपाईसह आणि लोखंडी पेटीतल्या सगळ्या निगेटिव्हसह, प्रियांका राधाकिशन हिला द्यावेत. प्रियांका ही गावाबाहेरच्या वस्तीवरच्या राधाकिशनची एकुलती एक मुलगी. हे कुटुंब पूर्वी ऊसतोडीला जात असे. पोरीची आई बबिता तिकडेच वारली, तेव्हा पोरगी तीन वर्षांची होती. दहाव्या वर्षापासून ती माझ्या दुकानात येऊन बसते. आता एकवीस वर्षांची आहे, वैशाखात तिचे लग्न आहे, आणि या तालुक्यात तिच्याइतके चांगले फोटो कोणी काढत नाही. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही.

शिंप्याला हा नाद कसा लागला, असे लोक विचारत. मी म्हणायचो, हौस. खरे कारण सांगायची लाज वाटायची. मला चेहरे लक्षात राहत नाहीत. लहानपणापासून असेच आहे. माप राहते, चेहरा राहत नाही. एकदा मानवतच्या बसस्टँडवर सख्खी मेहुणी पुढ्यात येऊन उभी राहिली. हिचा खांदा साडेतेरा आहे हे मला दिसत होते, पण ही कोण ते कळेना. मी तिला मानवत-सेलू गाडी किती वाजता आहे ते विचारले. त्यावरून घरात आठ दिवस माझी वरात निघाली. तेव्हा माझी पाचावर धारण बसली की उद्या बायकोलाही मी ओळखणार नाही. म्हणून कॅमेरा घेतला. गिऱ्हाईक आले की फोटो काढायचा, मागे नाव लिहायचे आणि वेळ मिळाला की परीक्षेला बसल्यासारखी उजळणी करायची.

पुढे दुसरे एक कारण मिळाले. नवा कपडा अंगात घातला की माणूस आरशात बघतो, आणि एक क्षण स्वतःवर खूश होतो. मग लगेच म्हणतो, बगलेत जरा काचतंय. तो खूश असलेला क्षण मला धरायचा होता. आयुष्यात चारपाच वेळा धरता आला असेल.

५. कॅमेऱ्याबरोबर जे द्यायचे ते प्रियांकाला इथे देतो, कारण ते पेटीत ठेवता येत नाही. पोरी, दुपारच्या उन्हात माणसाला अंगणात उभे करू नकोस. डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि चांगला माणूस चोर दिसतो. त्याला उंबऱ्याच्या आत घे, तोंड दाराकडे कर, आणि तू बाहेर उभी राहा. दाराचा उजेड कोणाशी भेदभाव करत नाही. 'हसा' म्हणू नकोस. हसा म्हटले की माणूस दात दाखवतो. त्याच्या बैलाबद्दल विचार, शेळी व्याली का विचार, आणि तो सांगायला लागला की बटण दाब. म्हातारे बसलेले असतील तर तूही खाली बस, उभ्याने फोटो काढलास तर वरून तपासणी केल्यासारखा येतो. जवळच्या डोळ्यावर नेम धर. श्वास रोख, कोपरे बरगडीला टेकव. मागे काय आहे ते बघ. माझ्या पहिल्या वर्षीच्या फोटोंत निम्म्या वालूरच्या डोक्यातून विजेचे खांब उगवलेले आहेत. जिथून फोटो चांगला दिसतो असे वाटते तिथून एक पाऊल आणखी पुढे जा. कापड बेतण्याआधी मी चारही कोपरे बघतो, तू चौकटीचे बघ. 'झालं' म्हण, आणि माणसाने खांदे सोडले की आणखी एक काढ. तोच खरा असतो.

फोटो काढून माणसाला न देणे ही चोरी आहे. आणि ज्याचा काढलास त्याचे नाव त्याच दिवशी लिही. उद्यावर टाकू नकोस. हे मी एवढे का बजावतो ते पुढच्या कलमात आहे. ते वाचण्याआधी खाली बस.

६. हे कलम मी तीन वेळा लिहून फाडले आहे.

दोन हजार सहाची दिवाळी झाली आणि वस्तीवरून ऊसतोडीची टोळी निघाली. दरवर्षी निघताना मी ट्रॅक्टरजवळ प्रत्येकाचा फोटो काढायचो, फुकट. माणसे सहा महिने जातात, परत आली की आपलाच फोटो बघून हसतात, मला ते आवडायचे. त्या वर्षी बबिताचाही काढला. तो रोल मी गुंडाळून काढला. लॅबवाल्याच्या सोयीसाठी मी रोलचे शेपूट बाहेर ठेवत असे, पण शेपूट बाहेर असलेला रोल नव्यासारखाच दिसतो, म्हणून फोटो काढून झालेला ओळखू यावा यासाठी त्यावर शिंप्याच्या खडूने फुली मारत असे. दुसऱ्या कोणत्या फोटोवाल्याने असे केले नसते. खडू खिशात पुसला जातो, हे शिंप्याला तरी कळायला हवे होते.

पुढच्याच महिन्यात आबासाहेबांच्या मुलीचे लग्न निघाले. आबासाहेब म्हणजे गावातले मोठे बागायतदार. त्यांचा ठरलेला फोटोवाला ऐनवेळी आजारी पडला म्हणून मला बोलावले. मी खिशातला रोल घातला. फुली पुसली गेली होती. तोच ट्रॅक्टरजवळचा रोल मी दुसऱ्यांदा भरला आणि त्यावर अख्खे लग्न काढले. असे झाले की जुन्या फोटोवर नवा फोटो बसतो. परभणीच्या लॅबमध्ये रोल धुतला तेव्हा नवरीच्या मुंडावळ्यांवर कोयते आले होते, आणि जेवणाच्या पंगतीतून ट्रॅक्टर चालला होता.

मी आबासाहेबांना सांगितले की लॅबवाल्याने रोल खराब केला. त्यांनी चारचौघांत त्या लॅबवाल्याच्या नावाने खडे फोडले, आणि मी मान हलवत उभा राहिलो. त्यांचा राग मी पाहिलेला होता. एका सालगड्याला त्यांनी वेशीत उभे करून मारले तेव्हा मी दुकानाचे दार लावून घेतले होते. निगेटिव्ह मी पेटीच्या तळाशी ठेवल्या.

फेब्रुवारीत बबिता उसाच्या भरलेल्या ट्रॉलीवरून पडून गेली. राधाकिशन पोरीला कडेवर घेऊन आला. चौथ्या दिवशी दुकानाच्या पायरीशी उभा राहून म्हणाला, "टेलर, टोळी निघताना फोटो काढला व्हता तुमी. तिचा आसंल त्यात. तेरवीला लावायचाय. घरात तिचा एक बी फोटो न्हाई." मी हो म्हणालो.

तो गेल्यावर निगेटिव्ह उजेडाकडे धरून एकेक पाहिली. दोन फोटो एकमेकांवर बसले की जिथे नवा फोटो काळा असतो तिथे जुना शाबूत राहतो. चौदा नंबरच्या निगेटिव्हमध्ये आबासाहेब काळा कोट घालून उभे होते, आणि त्या कोटाच्या बरोबर छातीवर बबिताचा चेहरा, पोलक्याच्या बाह्यांपर्यंत, स्वच्छ आला होता. तेवढा कापून मोठा करता आला असता. परभणीच्या लॅबमध्ये मी तोंड दाखवू शकत नव्हतो, कारण त्याला मी बदनाम केले होते. पण जालन्याला जाता आले असते. नांदेडला जाता आले असते. मी गेलो नाही. कोणी विचारले असते की हा कोणत्या रोलमधला, रोल तर खराब झाला होता ना, तर बोलता बोलता आबासाहेबांच्या कानावर गेले असते. मी भ्यालो. एवढेच कारण आहे, दुसरे शोधू नये.

पेटीत आदल्या वर्षीचा एक फोटो होता, जिंतूरकडच्या जत्रेतला. बांगड्यांच्या दुकानासमोर एक तरुण बाई, डोक्यावर पदर, मान जरा वळलेली, थोडी अस्पष्ट. अंगाने बबितासारखी होती. मागे नाव लिहिलेले नव्हते. बबिताला तीन ठिपक्यांचे गोंदण होते एवढे मला आठवत होते, कुठे ते आठवेना, आणि निगेटिव्हमधल्या नखाएवढ्या चेहऱ्यावर ते दिसत नव्हते. मी त्या बाईच्या हनुवटीवर बारीक पेन्सिलने तीन ठिपके दिले, फोटो मोठा करून आणला, फ्रेम घातली आणि राधाकिशनच्या हातात दिला. तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "बरं." टोळी अजून तिकडेच होती. बबिताचे माहेरचे कोणी नव्हते. तेरवीला आलेल्यांनी तिला डोक्यावरून पदर घेऊन खाली मान घातलेलीच पाहिले होते, आणि हळदकुंकू लावलेला फोटो कोण निरखून बघतो? कमलबाईने बघितला. घरी येऊन तिने मला विचारले, "ती बाई कोण हाय?" मी तिला शपथ घालून गप्प केले. तेव्हापासून ती त्या घराच्या उंबऱ्याला शिवलेली नाही.

ती जत्रेतली बाई जिवंत असेल तर अठरा वर्षे मी एका जित्या बाईच्या फोटोला हार घालायला लावला आहे. त्यानंतर पाच वर्षे मी त्या जत्रेत बांगड्यांच्या दुकानासमोर जाऊन उभा राहत होतो. चेहरा लक्षात न राहणारा माणूस चेहरा शोधत होता. सापडली नाही. त्या हारामुळे तिचे काही वाईट झाले असेल काय, हा विचार अजून जात नाही.

पण याहून वाईट पुढे आहे. प्रियांका सोळा वर्षांची असताना एका जत्रेत गेली आणि हनुवटीवर तीन ठिपके गोंदवून आली. तिथून थेट दुकानात येऊन मला दाखवले. म्हणाली, "आईसारखे." मी म्हणालो, छान दिसतात.

यंदा संक्रांतीनंतर ती फोटो घेऊन आली. "काका, हा मोठा करून द्या. मांडवात आईला खुर्चीवर बसवायचंय. आधी तिच्या पाया पडणार, मग बोहल्यावर उभी राहणार." मी फोटो ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी चौदा नंबरची निगेटिव्ह घेऊन नांदेडला गेलो आणि अठरा वर्षांनी काळ्या कोटावरचा तेवढा भाग मोठा करून घेतला. बबिताची हनुवटी कोरी आहे. तिचे तीन ठिपके दोन भुवयांच्या मध्ये आहेत. परत येताना परभणीच्या स्टँडवर माझ्या छातीत कळ आली आणि मी फलाटावर बसलो. तेव्हापासून हे दवाखाने चालू आहेत.

आबासाहेबांना त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या छत्तीस निगेटिव्हचे छापील फोटो पाठवावेत. त्यांच्या घरचे लग्न आणि ऊसतोडीची टोळी एकाच फितीवर आहे, वेगळी करता येत नाही. आता ते पंच्याऐंशीचे आहेत आणि मला त्यांची भीती वाटत नाही असे लिहिणार होतो. ते खरे नाही.

७. परभणीचा तो लॅबवाला वारला. त्याच्या मुलाला माझ्या सहीचे पत्र द्यावे की रोल त्याच्या बापाने खराब केला नव्हता, मी केला होता. पत्र टेबलाच्या खणात आहे.

८. बबिताचा खरा फोटो पाकिटात घालून लोखंडी पेटीत ठेवला आहे. मी मेल्यानंतर तिसऱ्या दिवशी कमलबाईने ते पाकीट आणि कलम सहाची नक्कल प्रियांकाच्या हाती द्यावी. मी जगलो तर काय करायचे ते मी लिहिलेले नाही, कारण ते मला माहीत नाही. खरे सांगायचे तर भूल उतरलीच नाही तर बरे, असेही एकदा मनात आले. त्या विचाराची मला लाज वाटते.

पुरवणी. सही करण्यापूर्वी लिहावी लागली ती अशी.

वरील मजकूर लिहून झाल्यावर पहिले साक्षीदार दिनकरराव, निवृत्त मुख्याध्यापक, येऊन बसले. दुसरा साक्षीदार म्हणून मेडिकलवाला धम्मानंद येणार होता, तो सेलूला गेला आहे असा निरोप आला. मी म्हणालो, उद्या करू. कमलबाई दारात उभी होती. रस्त्यावरून राधाकिशन येत होता, लग्नाच्या सदऱ्याचे माप द्यायला. तिने त्याला हाक मारली आणि सांगितले की साक्षीला अंगठा द्यायचा आहे, आत या. मी तिच्याकडे पाहिले. ती मला हळू आवाजात म्हणाली, "भ्याव तुमाला मरायचं न्हाई. त्या लेकराचं हाय. आता होऊन जाऊ द्या."

दिनकररावांनी समजावले की साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही डोळ्यांसमोर झाली एवढेच सांगायचे असते. राधाकिशन म्हणाला, "काय लिव्हलंय ते ऐकल्याबिगर मी आंगठा देत न्हाई, गुरुजी. मुकादमानं एकदा असाच घेतला व्हता." त्याला वाचता येत नाही. मला वाचवेना. दिनकररावांनी चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचायला घेतले. बन्सीधरच्या भिंतीला राधाकिशन हसलासुद्धा. कलम सहामध्ये बबिताचे नाव आले तेव्हा दिनकरराव थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. कमलबाई म्हणाली, "वाचा, भाऊजी." त्यांनी वाचले. मी दोन्ही पाय मशीनच्या पायडलवर दाबून धरले होते.

वाचून झाल्यावर राधाकिशनने फक्त पाकीट मागितले. मी दिले. तो मला मारेल असे मला वाटत होते, आणि मारावे असेही वाटत होते. त्याने हात सदऱ्याला पुसले आणि फोटो दोन्ही हातांत धरला. इतका वेळ धरला की दिनकररावांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

मग तो बोलला. "तुमी तवा दिला, तवाच वाटलं, ही न्हाई. मग म्हनलं, आसंल. मेल्यावर माणूस फोटोत येगळं दिसत आसंल. पोरगी त्याच्याकडं बघून आई म्हनाय लागली, रडायची थांबली. मग मी बी रोज तिलाच बघत गेलो." त्याने फोटो जरा लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "आता हिच्याकडं बघायलोय, टेलर, तर वळकू येईना. ही बबिता हाय का?"

त्याने पुन्हा विचारले, "पोरगी मला इचारंल, बाबा, हीच आई का? मी काय सांगू?"

मला वाटले होते की मी फक्त पोरीची आई लपवली. नवऱ्याच्या डोळ्यांतूनही मी ती पुसून टाकली होती, हे मला आज कळले. बबिताला जवळून पाहिलेली सासू तर तिच्याही आधी वारली होती. टोळीतली माणसे पांगली. कमलबाईला जत्रेतली बाई बबिता नव्हे एवढे सांगता येते, पण ही तीच का म्हणून फोटो हातात दिला तर तीही आता छातीठोक सांगेना. म्हणजे हा चेहरा बबिताचा आहे हे जगात सांगू शकणारा एक मीच उरलो, आणि मला चेहरे लक्षात राहत नाहीत.

म्हणून कलम आठ मी रद्द करतो आणि त्याच्या जागी हे लिहून देतो.

फोटोतल्या बाईच्या अंगात लिंबू रंगाचे पोलके आहे. गळा पानाच्या आकाराचा, बाहीला हिरव्या कापडाची बारीक पट्टी. पट्टीचे कापड कमी पडले म्हणून डाव्या बाहीच्या पट्टीला जोड दिला आहे आणि तो जोड फोटोत दिसतो. ते पोलके दोन हजार सहाच्या दसऱ्याला बबिता राधाकिशन हिच्या मापाने मी शिवले आहे. तसे दुसरे मी कोणाला शिवलेले नाही. चेहऱ्याची साक्ष द्यायची माझी लायकी नाही. शिवणीची साक्ष मी कोणत्याही कोर्टात देईन. त्यावरून मी, गोपीचंद नामदेवराव माळवदे, शपथेवर लिहून देतो की ही बाई बबिताच आहे, दुसरी कोणी नाही.

हे कागदावर ठेवून मी दवाखान्यात जाऊ शकत नाही. कागदाला उलटून प्रश्न विचारता येत नाही आणि पोरीला शंभर प्रश्न असतील. उद्या गुरुवारी सकाळी दहा वाजता ती मोठा केलेला फोटो न्यायला येणार आहे. राधाकिशन म्हणाला, मी येणार न्हाई, तुमीच सांगा. कमलबाई म्हणाली, मी आत बसते. तेव्हा मी एकटा तिच्यासमोर बसेन, दोन्ही फोटो टेबलावर ठेवीन, आणि माझ्या तोंडाने सांगेन. ती हनुवटीला हात लावेल. त्या क्षणाची मला मंगळवारच्या छुरीपेक्षा जास्त भीती वाटते. तरी सांगेन. मांडवात खुर्चीवर कोणाला बसवायचे ते तिने ठरवावे, आणि मला लग्नाला बोलवायचे की नाही तेही.

उद्या दहापर्यंत मी टिकलो नाही तर हेच माझ्या तोंडचे समजून दिनकररावांनी तिला मोठ्याने वाचून दाखवावे. अक्षर वाकडे आले आहे, पण माझेच आहे.

स्थळ: वालूर, तालुका सेलू, जिल्हा परभणी
दिनांक: १२ मार्च २०२५, बुधवार

लिहून ठेवणार:
गोपीचंद नामदेवराव माळवदे (सही)

आमच्यासमोर सही केली. सही करताना ते शुद्धीवर होते आणि रडत होते.

साक्षीदार १: दिनकरराव माणिकराव बोराडे, निवृत्त मुख्याध्यापक (सही)

साक्षीदार २: राधाकिशन सखाराम, राहणार वस्ती, वालूर. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. उजव्या हातातला फोटो त्यांनी खाली ठेवला नाही.